जोड वाकवून पाहण्याचे धाडस

वेल्डिंग शिकवणाऱ्या वर्कशॉपमध्ये एक जुनी चाचणी असते. विद्यार्थ्याने लोखंडाच्या दोन प्लेटा जोडल्या, की जोड मध्यभागी येईल अशी एक पट्टी कापायची, ग्राइंडरने घासून सपाट करायची आणि दाबयंत्रात घालून इंग्रजी ‘यू’सारखी वाकवायची. मग वळणाच्या बाहेरच्या अंगावर नजर फिरवायची. साधारण ३ मिलिमीटरपेक्षा मोठा तडा दिसला तर जोड नापास. विद्यार्थ्याची हजेरी किती, वही नीटनेटकी आहे का, शिक्षकाचे त्याच्याबद्दल मत काय, यातले काहीही तिथे चालत नाही. वरून सुबक दिसणारा जोड आतून पोकळ असेल तर पट्टी ते सांगून टाकते.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत ही चाचणी नेहमीच्या शिकवण्याचा भाग आहे. त्याच आवारात शेजारच्या इमारतीत इतिहास, इंग्रजी लेखन, नर्सिंग आणि बीजगणितही शिकवले जाते. गेली वीसेक वर्षे त्या इमारतीतल्या प्राध्यापकांना एक प्रश्न सतत विचारला जातो आहे: तुमच्या विषयातली पट्टी कोणती? विद्यार्थी तुमच्या वर्गातून बाहेर पडला तेव्हा त्याला नेमके काय करता येऊ लागले, आणि ते येते आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? या प्रश्नाला तिथे ‘स्टुडंट लर्निंग आउटकम्स’ म्हणतात. आपल्याकडे बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच छापलेला ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द त्याच कुळातला आहे.

प्रश्न योग्य आहे, यात शंका नाही. पण योग्य प्रश्न चुकीच्या माणसाने, चुकीच्या वेळी आणि हातात छडी घेऊन विचारला तर त्याचे उत्तर कसे सडते, हे कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांच्या अनुभवात स्पष्ट दिसते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सध्या त्याच वाटेने जोरात चालणे सुरू आहे, म्हणून तो अनुभव आपण वाचायला हवा.

आधी ही महाविद्यालये कशी आहेत ते पाहू. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. आज एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत. दोन वर्षांची पदविका, व्यवसाय प्रमाणपत्रे आणि पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्यासाठीचे पहिले दोन टप्पे तिथे मिळतात. प्रवेशाला गुणवत्ता यादी नाही. जो येईल त्याला दार उघडे. एका वर्गात अठरा वर्षांची मुलगी, रात्रपाळी करून आलेला गोदाम कामगार, नुकतीच देशात आलेली आणि इंग्रजी शिकू पाहणारी आजी आणि सैन्यातून परतलेला तरुण शेजारी शेजारी बसतात. एखादा फक्त वेल्डिंगचा एक अभ्यासक्रम घेतो, नोकरी मिळवतो आणि परत येत नाही. कागदावर तो ‘गळती’त जमा होतो. त्याच्या घरी मात्र पगार सुरू झालेला असतो.

म्हणजे निष्पत्ती मोजण्याची सर्वांत जास्त गरज असलेली आणि ती मोजणे सर्वांत अवघड असलेली जागा एकच आहे. आयआयटीसारख्या संस्थेत आत येणारा विद्यार्थीच निवडून घेतलेला असतो. शिकवणे सुमार असले तरी बाहेर पडणारे हुशारच दिसतात. सर्वांना घेणाऱ्या महाविद्यालयाला ही सोय नसते. तिथे मुले कुठून निघाली आणि कुठवर पोचली, याला अर्थ असतो. नुसत्या शेवटच्या मुक्कामाची नोंद ठेवली तर सर्वांत कष्टाचे काम करणारी संस्थाच सर्वांत नापास ठरते.

कॅलिफोर्निया, हवाई आणि पॅसिफिक बेटांवरील अशा महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या आयोगाचे नाव थोडक्यात एसीसीजेसी. या आयोगाने २००२ मध्ये आपले निकष बदलले आणि निष्पत्तीला मध्यभागी आणून ठेवले. प्रत्येक अभ्यासक्रमाची, प्रत्येक पदविकेची आणि संपूर्ण संस्थेची निष्पत्ती लिहा, मोजा, त्यातून सुधारणा करा आणि त्या सुधारणांचे पुरावे दाखवा. इतकेच असते तर वाद मर्यादित राहिला असता. पण त्याच निकषांत एक कलम होते: निष्पत्ती घडवून आणण्यात शिक्षक किती परिणामकारक ठरला, हा त्याच्या वैयक्तिक मूल्यमापनाचा भाग असावा.

सगळे तिथेच बिनसले. आपल्या वर्गातली मुले नक्की कुठे अडखळतात हे शोधायला निघालेल्या माणसाला सांगितले गेले, की जे सापडेल ते तुझ्या गोपनीय अहवालात जाईल. मग शोधायचे कशाला? राज्यभरातल्या प्राध्यापकांच्या ‘अकॅडमिक सिनेट’ने या सगळ्या प्रकाराला सुरुवातीपासून विरोध केला होता. हे कलम पुढे सौम्य झाले आणि २०१८ मध्ये आयोगाने ते काढून टाकले. मधल्या पंधरा-सोळा वर्षांत मात्र महाविद्यालयांना सवयी लागून गेल्या होत्या.

आयोगाने एक चार पायऱ्यांची शिडीही केली होती: जाणीव, विकास, प्रावीण्य आणि अखेरची ‘शाश्वत सुधारणा’. २०१२ च्या शरद सत्रापर्यंत प्रत्येक महाविद्यालयाने तिसऱ्या पायरीवर पोचायचे होते. मुदत ठरली की काम मुदतीसाठी होते. किती अभ्यासक्रमांची निष्पत्ती लिहून झाली, कितींची मोजणी चालू आहे, याची टक्केवारी वार्षिक अहवालात मागितली जाऊ लागली. विद्यार्थ्याला काय येते, हा मूळ प्रश्न मागे सरकला आणि ‘आपले किती टक्के झाले?’ हा प्रश्न पुढे आला. दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘टक्क्यां’तच येत असल्यामुळे हा बदल झटकन लक्षात आला नाही.

याच वर्षी, जुलै २०१२ मध्ये, सिटी कॉलेज ऑफ सान फ्रान्सिस्को या १९३५ पासूनच्या महाविद्यालयाला आयोगाने सर्वांत कडक नोटीस दिली: मान्यता का काढू नये, याचे कारण दाखवा. त्या वेळी तिथे ऐंशी हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. आयोगाच्या तक्रारी मुख्यतः आर्थिक शिस्त आणि कारभाराच्या होत्या, आणि त्या पोकळ नव्हत्या. मंदीच्या वर्षांत राज्याचा निधी आटला होता आणि महाविद्यालयाची गंगाजळी धोक्याच्या पातळीवर आली होती. पण त्याच यादीत निष्पत्तीच्या मोजणीचे आणि पुराव्यांचे काम अपुरे असल्याचाही ठपका होता. जुलै २०१३ मध्ये आयोगाने निर्णय जाहीर केला: पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपासून मान्यता रद्द.

मान्यता जाणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवे. संघराज्य सरकारची विद्यार्थी मदत बंद होते, मिळवलेली क्रेडिट्स दुसरीकडे चालतील याची खात्री उरत नाही आणि महाविद्यालय बहुधा बंदच पडते. निर्णय अंमलात येण्याआधीच विद्यार्थी हजारोंनी निघून गेले. शहराच्या वकिलांनी आयोगाविरुद्ध दावा लावला. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालयाने मनाई हुकूम देऊन महाविद्यालय वाचवले; पुढच्या वर्षी आयोगानेच आपल्या प्रक्रियेत कायद्याचा भंग केल्याचा निकाल आला. जानेवारी २०१७ मध्ये त्याच महाविद्यालयाला पूर्ण सात वर्षांची मान्यता मिळाली. गेलेले बरेच विद्यार्थी मात्र परत आले नाहीत. या सगळ्या वादात इंग्रजी शिकायला येणारी ती आजी काय शिकली किंवा काय शिकू शकली नाही, हा मुद्दा जवळजवळ कुठेच मध्यभागी नव्हता.

या कथेतला आणखी एक तपशील आपल्याला ओळखीचा वाटेल. तिथले बहुसंख्य प्राध्यापक अर्धवेळ आहेत. एका महाविद्यालयात सकाळचा तास, मग गाडी काढून चाळीस मैलांवरच्या दुसऱ्यात दुपारचा आणि संध्याकाळी तिसऱ्यात. त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ असे नावच पडले आहे. पगार शिकवलेल्या तासांचा मिळतो. निष्पत्तीचे तक्ते भरण्याचा वेळ त्यात बहुधा धरलेला नसतो. आपल्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या, दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत एसटीने ये-जा करणाऱ्या आणि नॅक या मूल्यांकन संस्थेच्या भेटीआधीच्या महिन्यात फाइली लावत बसणाऱ्या तरुण प्राध्यापकांना हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही. ज्यांना मुलांची नावे पाठ व्हायलाही सवड मिळत नाही, त्यांच्याकडून मुलांच्या शिकण्याचा सखोल हिशेब मागणे ही केवळ औपचारिकता होऊन बसते, आणि औपचारिकता माणसे औपचारिकपणेच पुरी करतात.

मोजणीच्या विरोधात उभे राहण्याचा माझा हेतू नाही, हे सांगण्यासाठी त्याच राज्यातले दुसरे उदाहरण देतो. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी इंग्रजी आणि गणिताची एक चाचणी घेत आणि त्यावरून मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना ‘पूर्वतयारी’च्या वर्गांत टाकत. या वर्गांची क्रेडिट्स पदवीला धरली जात नसत. एकेक सत्र असे खर्ची पडत जाई आणि मुले कंटाळून निघून जात. संशोधकांनी या मुलांचा पुढचा प्रवास तपासला तेव्हा दिसले, की ही चाचणी बऱ्याच जणांना नको तिथे टाकत होती; शाळेतले गुण तिच्यापेक्षा चांगला अंदाज देत होते. या पुराव्यावर २०१७ मध्ये कायदा झाला आणि २०१९ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना थेट पदवीच्या पातळीवरच्या वर्गात बसण्याची वाट मोकळी झाली. कच्च्या मुलांना पुरेशी मदत मिळते का, यावर तिथे अजून वाद आहे. पण एका मोजणीने केलेली चूक दुसऱ्या, जास्त प्रामाणिक मोजणीने दाखवून दिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या संशोधकांना उत्तर आधी ठाऊक नव्हते, आणि कोणते उत्तर आले तर कोणाची मान्यता जाईल अशी टांगती तलवारही नव्हती.

आता आपल्याकडे येऊ. यूजीसीने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजची योजना इथेही आणली, पण निष्पत्तीचा मुद्दा आपल्या दारात शिरला तो मुख्यतः अभियांत्रिकीच्या वाटेने. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. त्यासाठी राष्ट्रीय मानांकन मंडळाने, म्हणजे एनबीएने, निष्पत्तीवर आधारित मानांकन स्वीकारले होते. नॅकच्या निकषांतही निष्पत्तीला स्वतंत्र जागा आहे. २०१७ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन शाळांतही अध्ययन निष्पत्ती आल्या. आता नव्या शैक्षणिक धोरणाचे अभ्यासक्रम लागू होत असताना कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांत नव्याने निष्पत्ती लिहिल्या जात आहेत. ‘सीओ’ (एका विषयाची निष्पत्ती), ‘पीओ’ (संपूर्ण पदवीची निष्पत्ती), ‘मॅपिंग’ (दोहोंची सांगड), ‘अटेनमेंट’ (निष्पत्ती किती गाठली) हे शब्द स्टाफरूममध्ये आता चहाच्या कपाइतके नित्याचे आहेत.

या ‘अटेनमेंट’चा हिशेब एकदा जवळून पाहू. महाविद्यालयागणिक आकडे बदलतात, म्हणून हे उदाहरण नमुन्याचे समजावे. वर्गात ६० मुले. नियम असा, की ६० टक्के मुलांनी ठरलेले गुण मिळवले तर पातळी १, ७० टक्क्यांनी मिळवले तर २ आणि ८० टक्क्यांनी मिळवले तर ३. विद्यापीठ परीक्षेत ४२ मुले त्या गुणांवर पोचली, म्हणजे बरोबर ७० टक्के, पातळी २. अंतर्गत परीक्षेत सगळे उदार असतात, म्हणून पातळी ३. दोन्हींना अनुक्रमे ७० आणि ३० टक्के वजन दिले की २.३. मुलांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीत ‘उत्तम’ला खुणा झालेल्या असतात, म्हणून तिथेही ३. परीक्षांच्या ‘प्रत्यक्ष’ आकड्याला ८० आणि प्रश्नावलीच्या ‘अप्रत्यक्ष’ आकड्याला २० टक्के वजन देऊन अंतिम आकडा येतो २.४४.

आता समजा, त्या ४२ जणांतल्या एकाला विद्यापीठ परीक्षेत एक गुण कमी मिळाला. ४१ मुले म्हणजे ६८.३ टक्के, पातळी २ वरून थेट १ वर. खालची सगळी गणिते तशीच करत गेले की अंतिम आकडा येतो १.८८. एका मुलाच्या एका गुणाने पूर्ण वर्गाची निष्पत्ती २.४४ वरून १.८८ झाली. उरलेल्या ५९ मुलांच्या डोक्यात काय होते, ते तसूभरही बदललेले नाही. असे आकडे पुढे ‘पीओ’च्या तक्त्यात जातात, त्यांच्या सरासऱ्या काढल्या जातात, त्यांचे आलेख रंगवले जातात. दशांशाच्या दोन घरांमुळे त्यांना प्रयोगशाळेचा वास येतो. पण १, २, ३ या पातळ्या मुळात नावे आहेत, वजने नाहीत. ‘बरे’, ‘चांगले’ आणि ‘उत्तम’ यांची सरासरी काढून पदरात पडते ते काय?

शिवाय लक्ष्य ठरवतो तो विभागच. ते किती ठेवावे, हे अनुभवी माणसाला कळते: इतके खाली की गाठता येईल, आणि इतके वर की समितीला लाज वाटणार नाही. एखाद्या विभागाने खरोखर कठीण प्रश्न विचारला आणि ५५ टक्केच मुलांना जमला असे प्रामाणिकपणे लिहिले, तर तो शेजारच्या ९५ टक्केवाल्या विभागापेक्षा वाईट दिसतो. पुढच्या वर्षी त्यालाही शहाणपण येते. ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात ‘अधिक सराव घेण्यात आला’ हे वाक्य वर्षानुवर्षे जसेच्या तसे उतरत राहते.

भाषा आणि मानव्यविद्यांत याची झळ आणखी खोल जाते. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या गटाने १९५६ मध्ये बौद्धिक उद्दिष्टांची जी श्रेणी मांडली, ती परीक्षकांना विचार करायला मदत म्हणून होती. आज तिची क्रियापदांची यादी झाली आहे. ‘समजेल’, ‘जाणवेल’ हे चालत नाही, कारण ते मोजता येत नाही. ‘सांगेल’, ‘यादी करेल’, ‘वर्गीकरण करेल’ हे चालते. मग मराठीचा प्राध्यापक लिहितो, ‘विद्यार्थी दलित कवितेची पाच वैशिष्ट्ये सांगतील.’ पाचही वैशिष्ट्ये गाइडमध्ये छापलेली असतात. मुले ती सांगतात, निष्पत्ती ३ येते, आणि सत्रभर एकही कविता पूर्ण न वाचता हे होऊ शकते. ज्या मुलीने एक कविता वाचून वहीत स्वतःच्या आजोबांबद्दल चार अस्वस्थ ओळी लिहिल्या, तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही. उलट पाचातली दोनच वैशिष्ट्ये आठवल्यामुळे ती सरासरी खाली ओढते.

अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच इशारा दिला होता, की सामाजिक निर्णयांसाठी एखादा संख्यात्मक निर्देशक जितका जास्त वापरला जाईल, तितका तो भ्रष्ट होण्याचा दबाव वाढेल आणि ज्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्यासाठी तो आणला तिलाही तो विकृत करेल. इथे भ्रष्ट म्हणजे कोणी पैसे खाल्ले असे नव्हे. प्रत्येक जण नियमानुसारच वागतो आणि तरीही एकूण हिशेब खोटा होतो, हे त्यातले खरे भय आहे.

मग हे सगळे बंद करावे का? नाही. ‘आमचा जिव्हाळ्याचा व्यवहार मोजता येत नाही’ ही ढालही आपण पुष्कळ वापरली आहे, आणि तिच्या आडून पदवीधर झालेल्या मुलाला साधा अर्ज लिहिता येत नाही ही वस्तुस्थिती पिढ्यान्‌पिढ्या लपवली आहे. याची किंमत ज्यांच्या घरी दुसरे कोणी शिकवणारे नाही, त्या मुलांनीच मोजली.

करण्यासारखे काम साधे आणि कमी देखणे आहे. एका विभागातल्या चार प्राध्यापकांनी सत्राअखेर वीस उत्तरपत्रिका नावे झाकून टेबलावर घ्याव्यात आणि एकच प्रश्न सगळ्यांनी वाचावा. ‘चांगले उत्तर’ म्हणजे काय यावर पहिला अर्धा तास भांडण होईल. ते भांडण हीच मोजणीची सुरुवात आहे. मग लक्षात येईल, की बारा मुलांना आकडेमोड येते, पण आलेले उत्तर शक्य तरी आहे का हे तपासायची सवय नाही. पुढच्या सत्रात शिकवणे तिथे बदलायचे. वर्गात याहून छोटी एक युक्ती आहे, अमेरिकी महाविद्यालयांत रुजलेला ‘मिनिट पेपर’: तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या, आज काय महत्त्वाचे कळले आणि काय अजून कळले नाही. नाव लिहायचे नाही. त्या संध्याकाळी चिठ्ठ्या चाळणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही अटेनमेंट शीटपेक्षा जास्त कळते. याची अट एकच: त्या चिठ्ठ्या बाहेर कोणाला दाखवाव्या लागता कामा नयेत.

मान्यता देणाऱ्या संस्थांनी आर्थिक व्यवहार, शिक्षकसंख्या, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची कडक तपासणी जरूर करावी आणि त्यात दंडही ठेवावा. शिकण्याच्या मोजणीपासून मात्र दंड वेगळा काढावा. समितीने महाविद्यालयाकडे तक्ता मागू नये. उलट, गेल्या पाच वर्षांत तुमच्या मुलांना काय आले नाही, ते तुम्हाला कसे कळले आणि तुम्ही काय बदलले, याचे एक उदाहरण दाखवा, असे सांगावे. ज्या महाविद्यालयाच्या फाइलीत पाच वर्षांत असे एकही अपयश नोंदलेले नाही, तिथे सर्व काही उत्तम चालले आहे असे समजण्याचे कारण नाही. तिथे पट्टी कोणी वाकवलीच नसण्याची शक्यता जास्त आहे.

नव्या धोरणाखाली राज्यात या वर्षांत लिहिल्या जाणाऱ्या निष्पत्ती आणि त्यांचे तक्ते एकदा साच्यात बसले की सवय होतील, आणि सवयी कलम रद्द केल्याने जात नाहीत. वर्कशॉपमधला मास्तर पट्टी वाकवू शकतो, कारण तडा गेला तर विद्यार्थ्याला दुसरी प्लेट मिळते आणि मास्तराची नोकरी जात नाही. इतकी मोकळीक इतिहासाच्या आणि मराठीच्या शिक्षकाला द्यायची आपली तयारी आहे का, हे तक्त्याचे रकाने आखण्याआधी ठरवायला हवे.